घंटा नाशिकची, नाळ वसईची

नाशिकमध्ये एखाद्याचा आवाज जरुरीपेक्षा खणखणीत असला, किंवा त्याच्या कानी पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या पेठेत पोहोचली, की त्याला ‘नारोशंकराची घंटा’ ही पदवी सहज मिळते. मूळ घंटा पाहायची तर पंचवटीत जावे लागते. रामकुंडाच्या पूर्वेला, गोदावरीच्या डाव्या काठावर नारोशंकराचे रामेश्वर मंदिर आहे आणि त्याच्या नदीकडील तटभिंतीवरच्या कमानीत ती टांगलेली आहे. पर्वणीला येणारे लाखो यात्रेकरू तिच्या समोरून जातात. मात्र ही घंटा मुळात देवळासाठी ओतलेली नाही, हे ध्यानात ठेवून तिच्याकडे पाहणारे थोडे. तिच्यावर इसवी सन १७२१ हा आकडा आहे. मंदिर उभे राहिले १७४७ मध्ये. म्हणजे देवळापेक्षा देवळाची घंटा सव्वीस वर्षांनी थोरली. ती वसईकडची, पोर्तुगीज अमलातल्या चर्चमधली.

तिच्या मापाबद्दल एक गैरसमज वर्षानुवर्षे छापला जात आहे, तो येथेच दूर केलेला बरा. पर्यटन पुस्तिकांतून ही घंटा ‘सहा फूट व्यासाची’ असल्याचे वाचायला मिळते. एवढ्या व्यासाची ओतीव घंटा काही टन वजनाची भरेल आणि ती पेलायला तटावरची कमान पुरणार नाही. ब्रिटिश काळातल्या जिल्हा गॅझेटियरमध्ये सहा फूट हे माप तिच्या ओठाच्या घेराचे दिले आहे. म्हणजे व्यास दोन फुटांच्या आतला. घंटा मोठी आहे, तिचा नाद लांबवर जातो, तो पाच मैलांवर ऐकू येई असे जुने लोक सांगत. पण ती मनोऱ्यात दोराने हलवता येईल अशा बेताची, एखाद्या मध्यम चर्चला शोभेल एवढी आहे. हा तपशील वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु घंटा राजधानीतल्या भव्य प्रार्थनामंदिरात शोभणारी होती की गावच्या चर्चमध्ये, हा विचार सुरू होतो तो येथून.

देवळातली घंटा आणि चर्चमधली घंटा यांत फरक काय, असे विचारले तर बहुतेक जण आकाराकडे बोट दाखवतील. युरोपीय घंटेची कंबर आत गेलेली आणि ओठ बाहेर फाकलेला असतो, लोलक जाड असतो, हे खरे. पण मोठा फरक ती वाजवण्याच्या हक्कात आहे. देवळात घंटा प्रत्येकाची असते. गाभाऱ्यापुढे उभा राहणारा जो तो ती वाजवून देवाला आपली चाहूल देतो. चर्चची घंटा मनोऱ्यात असते, तिचा दोर नेमलेल्या माणसाच्या हाती असतो आणि तिचा नाद देवाला उद्देशून नसून गावाला उद्देशून असतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन वेळची प्रार्थना, रविवारची मिस्सा, लग्न, मर्तिक, आग, पूर हे सारे गावाला तीच सांगते. म्हणून घंटा टांगण्यापूर्वी धर्मगुरू तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून तिला आशीर्वाद देतात, आणि पुष्कळदा एखाद्या संताचे नावही ठेवतात. तिच्या अंगावरील मजकूरही नुसती नक्षी नसते. घंटेचा साचा तयार होताना मेणाची अक्षरे चिकटवली जातात, मेण वितळून त्या जागी धातू शिरतो आणि अक्षरे उठावात येतात. सन, संताचे नाव, क्रूस, क्वचित देणगीदाराचे नाव असा हा मजकूर. पैसा कोणी दिला याची नोंद धातूतच ओतून ठेवण्याची ही रीत आहे.

वसईच्या घंटांना पैसा कोणी दिला? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढील दोनशे वर्षे ती त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या अधिकारानुसार पूर्वेकडील धर्मकार्याचा आश्रयदाता राजा स्वतः होता. या व्यवस्थेला ‘पाद्रोआदो’ म्हणत. राजाने चर्चेस उभारायची, धर्मगुरूंना पोसायचे आणि त्या बदल्यात बिशप कोण असावा हे सुचवण्याचा हक्क घ्यायचा, असा तो सौदा. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन असे एकेक संघ वसईच्या कोटात आले आणि प्रत्येकाने आपापले चर्च आणि मठ बांधला. सेंट जोसेफच्या मुख्य चर्चवर एक शिलालेख आहे. १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्शो द मेनेझिस आणि येथील व्हिकर पेद्रू गाल्वाँव परेरा असताना हे चर्च नव्याने उभारले, असा त्याचा आशय. आर्चबिशप आहे, व्हिकर आहे. दगड वाहणारे, चुना मळणारे, लाकूड कोरणारे कोणी त्यात नाहीत. राजाश्रयाचे शिलालेख बहुधा असेच असतात.

१६ मे १७३९ रोजी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. वेढ्यात दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या संख्येने पडली. तह झाला, पोर्तुगीज सैन्य आणि संघांचे पाद्री वसई सोडून गेले, आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहाने दिली. याच वेळी घंटांचा प्रवास सुरू झाला. एक भीमाशंकरला गेली. ती मंदिरासमोर दोन दगडी खांबांच्या मधोमध टांगलेली आहे. एक वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे, तिच्यावर १७०७ हा सन आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची उठावातील प्रतिमा दिसते. पालीच्या बल्लाळेश्वराच्या मंदिरातील घंटाही याच विजयाशी जोडलेली आहे. नाशिकची घंटा या मालिकेतली.

‘चिमाजी अप्पांनी घंटा देवळांना वाटल्या’ असे एका वाक्यात सांगण्याचा प्रघात आहे. तारखा पाहिल्या तर ते तितके सरळ दिसत नाही. चिमाजी अप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. नारोशंकरांचे मंदिर त्यानंतर सात वर्षांनी पुरे झाले. मेणवलीचा वाडा आणि घाट नाना फडणविसांचा, आणि नानांचा जन्मच १७४२ चा. याचा अर्थ काही घंटा आज आहेत त्या जागी पोहोचण्याआधी वर्षानुवर्षे दुसरीकडे कोठे तरी होत्या. एखाद्या कोठारात, गढीवर किंवा सरदाराच्या वाड्यात. लढाईनंतर लगोलग केलेली विजयाची खूण एवढाच त्यांचा अर्थ नाही. पुढच्या पिढीतील धनिकांनी देऊळ बांधताना आपल्याजवळच्या मौल्यवान वस्तूंमधून निवडून काढलेले ते देणे आहे.

नारोशंकर दाणी हे असेच एक दाते. ते झाशीचे सुभेदार होते, ‘राजेबहादूर’ हा किताब त्यांना मिळाला होता, आणि मालेगावचा भुईकोट त्यांच्याच नावावर आहे. रामेश्वर मंदिरावर अठरा लाख रुपये खर्च झाल्याचे सांगतात. उत्तरेत मिळवलेली दौलत गोदाकाठच्या दगडात घालणारी ही पेशवाईतील सरदार मंडळी नसती, तर आजच्या नाशिकचा चेहराच वेगळा असता.

या घंटांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घंटेचा धातू म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तोफाही त्यापासूनच ओतत, प्रमाण तेवढे वेगळे. युरोपात युद्धाची वेळ आली की चर्चच्या घंटा सर्वांत आधी भट्टीत जात. रशियाचा झार पीटर याने १७०१ मध्ये चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतल्या, आणि फ्रेंच क्रांतीच्या काळात तर खेड्यापाड्यांतल्या घंटांवरही टाच आली. अठराव्या शतकातल्या मराठ्यांना तोफांची गरज काही कमी नव्हती. तरीही या घंटा वितळवल्या गेल्या नाहीत. त्यांच्यावरचे क्रूस घासून काढले नाहीत, मेणवलीच्या मरियेला कोणी हात लावला नाही. लूट ती लूटच. ज्या गावाची घंटा गेली त्या गावाला तिची पूजा कोठे होते याने काय दिलासा मिळणार? पण लुटीतली वस्तू देवापुढे टांगताना ती मुळात एका देवासाठीच घडवलेली होती, याची जाण टांगणाऱ्यांना असावी असे मानायला जागा आहे.

आता वसईला जाऊन पाहू. किल्ल्यात शिरले की अर्धा डझनाहून अधिक चर्चचे अवशेष दिसतात. कमानी, मनोरे आणि फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. बहुतेकांवर छप्पर नाही. ज्या वेदींवर राजाच्या खजिन्याचा पैसा ओतला गेला त्यांपैकी एकही जागेवर उरलेली नाही. आणि याच किल्ल्याबाहेर, पाच-दहा मैलांच्या परिघात पापडी, सांदोर, रमेदी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, गास या गावांतील चर्चेस आजही नांदती आहेत. त्यांतल्या काही धर्मग्रामांचा इतिहास सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो. इमारती वेळोवेळी बदलल्या, वाढल्या, पाडून पुन्हा बांधल्या गेल्या, पण मिस्सा चालू राहिली. राजाच्या चर्चचे अवशेष झाले आणि गावकऱ्यांची चर्चेस टिकली. हे कसे घडले?

१७३९ नंतर या गावांचा आश्रयदाताच नाहीसा झाला होता. लिस्बन किंवा गोव्याहून येणारा पैसा थांबला. युरोपीय संघांचे पाद्री गेल्यावर येथील धर्मग्रामांची सेवा एतद्देशीय धर्मगुरूंनी केली. त्यांचा चरितार्थ, दिव्याचे तेल, मेणबत्त्या, छपराची कौले हे सारे आता गावावर आले. ही गावे बागाइतदारांची. केळी, पानवेल, भाजीपाला हे त्यांचे उत्पन्न. त्यांच्या ऐपतीत भव्य चर्च बसणारे नव्हते, पण जे आहे ते पडू न देणे बसत होते. सणाच्या खर्चाची जबाबदारी घेणे, कोणी वेदीवरील वस्त्र देणे, कोणी मरियेच्या मूर्तीचा मुकुट देणे, अशी ही देण्याची रीत आहे. सुगीच्या वेळी ‘आगेरा’ साजरा होतो, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद घेतला जातो. आश्रय म्हणजे केवळ रक्कम नव्हे, हे या पहिल्या लोंब्यांवरून समजते. जो शेतातले पहिले पीक चर्चमध्ये आणतो, त्याला चर्चचे छप्पर गळते आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

गावच्या चर्चमध्ये पाहण्यासारखे काय असते, हे शहरी वाचकाला पुष्कळदा ठाऊक नसते. जुन्या धाटणीच्या चर्चमध्ये नजर खिळते ती मुख्य वेदीमागच्या लाकडी कोरीव पडदीवर. पिळदार खांब, द्राक्षवेली, देवदूतांची पंख फुटलेली मुखे आणि कोनाड्यांत संतांच्या मूर्ती. लाकूड बहुधा सागाचे. त्यावर खडू आणि सरस यांचा लेप, त्यावर तांबूस मातीचा पातळ थर, आणि मग सोन्याचा वर्ख. वर्ख बसल्यावर तो गुळगुळीत दगडाने घोटतात, तेव्हा सोने झळकू लागते. हे सोने इतके पातळ असते की त्याची किंमत धातूपेक्षा हाताच्या कौशल्यात अधिक. म्हणूनच ते फार नाजूक. खाऱ्या हवेने लाकूड फुगते, वाळवी आतून पोखरते आणि लेप सुटून वर्ख गळू लागतो. अशा वेळी गावातला एखादा भाविक स्वखर्चाने सोनेरी ऑइलपेंटचा हात फिरवून देतो. त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या एका हाताखाली जुने काम कायमचे झाकले जाते. पुराणवस्तूंच्या जतनाचे काम करणाऱ्यांसाठी दुर्लक्षित मूर्ती जितकी अवघड, तितकीच लाडाने रंगवलेली मूर्तीही अवघड असते.

गोव्यात हीच कथा अधिक ठळकपणे वाचता येते, कारण तेथील गावांची व्यवस्था कागदोपत्री नोंदलेली आहे. गोव्यात गावची जमीन गावकरी नावाच्या सामाईक संस्थेकडे असे. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. चर्च बांधण्याचा आणि सांभाळण्याचा भार गावकरीवर आला. घडवणारे हातही पुष्कळदा देवळे घडवणाऱ्यांचेच होते. ख्रिस्ती प्रतिमा हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत असे निर्बंध सोळाव्या शतकात घालावे लागले, यावरून काम कोण करीत होते ते उघड होते. जे कोणी करीत नाही त्यावर बंदी घालण्याची पाळी येत नाही. म्हणून गोव्यातील वेदींवरच्या देवदूतांचे गाल आणि डोळे आपल्याला ओळखीचे वाटतात. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या आवारातील ख्रिस्ती कला संग्रहालय (ते १९९४ मध्ये राशोल येथे सुरू झाले आणि २००२ मध्ये येथे आले) पाहताना हस्तिदंती बाळ येशूची ध्यानस्थ मुद्रा बुद्धाची आठवण करून देते, ती याच कारणाने.

देणगीदाराची नावे वाचायची असतील तर मात्र मुंबईच्या गावठाणांत फिरावे. वांद्रे, माझगाव, गिरगाव या भागांत रस्त्याच्या कडेला दगडी क्रूस उभे आहेत. त्यांतले अनेक १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीतले. घराघरांतून माणसे जात होती तेव्हा कुटुंबांनी, आळीने, वाडीने एकत्र येऊन ते उभारले, आणि अनेकांच्या पायथ्याशी उभारणाऱ्यांची नावे आणि सन कोरलेले आहेत. १६०१ च्या वसईच्या शिलालेखात आर्चबिशपचे नाव होते. तीनशे वर्षांनंतर ती जागा गावकऱ्यांनी घेतली.

नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या भागांतील खेड्यांमधली चर्चेस या मालिकेत ठेवताना सावध राहावे लागते, कारण त्यांचा जन्मच वेगळा. नाशिकमध्ये प्रथम आले ते प्रॉटेस्टंट मिशनरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकली, आणि डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा देह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत याच ‘नाशिक बॉइज’पैकी जेकब वेनराइट होता. प्रॉटेस्टंट चर्चच्या भिंती कोऱ्या असतात. तेथे मूर्ती नाही, वेदीवर वर्ख नाही. तेथील कला शब्दांत आणि सुरांत गेली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, त्यामागे हेच कारण होते. गावाला आपल्या ओळखीचे काही तरी हवे असते. भिंतीवर नसेल तर ते गळ्यात येते.

कॅथलिक मिशन खेड्यांत पोहोचले ते १८७० च्या दशकाच्या अखेरीस, राहुरी तालुक्यातील केंदळच्या परिसरात, जर्मन जेझुइटांच्या हातून. पहिल्या महायुद्धात ते जर्मन म्हणून येथून हटवले गेले आणि पुढे स्विस जेझुइट आले. नव्याने ख्रिस्ती झालेले गावकरी बहुतांशी भूमिहीन, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींमधले. त्यांच्याकडे चर्चला देण्यासाठी ना पानमळा होता ना गावकरीची जमीन. पैसा युरोपातल्या धर्मग्रामांतून आला, नकाशा तिकडचा आला, आणि मूर्तीही साच्यातून काढलेल्या, प्लास्टरच्या, निळ्या झग्याच्या आणि गोऱ्या चेहऱ्याच्या आल्या. मूर्तीचा चेहरा कोणाचा असावा हे शेवटी पैसे देणारा ठरवतो. वसई आणि गोव्यात कारागीर जवळचा होता म्हणून चेहरा हळूहळू देशी झाला. येथे कारागीर सात समुद्रांपलीकडे होता.

हा नियम मोडू पाहणाऱ्या एका चित्रकाराची हकीकत येथे सांगायला हवी. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ चा, गोव्यातील सांतू इश्तेव्ह गावचा. त्यांनी अवनींद्रनाथ टागोरांकडे शिक्षण घेतले आणि मरियेला साडी नेसवली. त्यांची मरिया गोव्याच्या घराच्या ओसरीवर बसलेली असते, बाळ कडेवर असते, मागे माड दिसतात. गोव्यातल्या सनातनी वर्तुळाने याला अपमान मानले. फोन्सेका पुण्यात आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले. हा आश्रम अँग्लिकन जॅक विन्स्लो यांनी स्थापलेला, म्हणजे कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो दुसऱ्याच पंथाच्या दारी. १९६७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. संग्रहालयाने त्यांना जागा दिली, हे चांगलेच झाले. परंतु ही चित्रे खेड्यातल्या वेदीसाठी होती आणि तेथे त्यांना मागणी आली नाही. गुणवत्ता होती, आश्रयदाता नव्हता.

मग मराठवाड्याच्या सीमेपर्यंत पसरलेल्या या खेड्यांतील भाविकांनी बाहेरून आलेल्या मूर्तीचे काय केले? चेहरा तसाच ठेवून नाते बदलले. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव हे त्याचे ठळक उदाहरण. साखर कारखान्याच्या या गावात १९४९ पासून सप्टेंबरमध्ये, मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास ‘मतमाउली’ची यात्रा भरते. मराठवाड्यातून आणि नाशिक-पुण्याकडून भाविक येतात, काही पायी येतात. नवस बोलले जातात, फेडले जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. वांद्र्याच्या मोत माउलीशी नाते सांगणाऱ्या या नावातच सारे आले. मूर्ती युरोपीय धाटणीची, पण हाक मारायची ती ‘माउली’ म्हणून. ज्ञानोबांसाठी आणि विठाबाईसाठी वापरला जाणारा शब्द येथे आल्यावर मूर्ती कोठे घडली हा प्रश्न मागे पडतो. नाशिकमध्ये पुणे रस्त्यावरील बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीतील यात्रेला हाच अनुभव येतो. या भक्तीचे मूळ प्रागमध्ये आहे. १६२८ मध्ये पोलिक्सेना नावाच्या सरदारघराण्यातील स्त्रीने आपल्या घरातली बाळ येशूची लहानशी मूर्ती तेथील कार्मेलाइट मठाला दिली. त्या एका घरगुती देणगीतून निघालेला प्रवाह नाशिकरोडला पोहोचला, आणि येथील रांगेत ख्रिस्ती जितके असतात तितकेच इतर धर्मांचेही लोक उभे असतात.

१९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा होऊन नाशिक धर्मप्रांत झाला, आणि १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाली. परदेशी धर्मगुरूंची पिढी आता संपली आहे. म्हणजे मिशनच्या पैशावर उभ्या राहिलेल्या खेड्यांतल्या चर्चला आज तोच प्रसंग आला आहे, जो वसईच्या गावांवर १७३९ नंतर आला होता. फरक एवढाच की वसईच्या बागाइतदाराजवळ केळीची बाग होती. येथला भाविक ऊसतोडीला किंवा शहराकडे रोजगाराला गेलेला असतो आणि सणाला गावी परत येतो.

बदलाची आणखी एक लाट आतून आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) मिस्सा लोकभाषेत होऊ लागली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. जुनी वेदी भिंतीला लागून होती, ती अडचणीची ठरली. जगभर असंख्य ठिकाणी जुन्या वेदी काढून टाकण्यात आल्या, काही ठिकाणी कोरीव लाकूड मोडीत गेले. परिषदेचा हेतू लोकांना उपासनेत सामील करून घेण्याचा होता आणि मराठी मिस्सा ही त्याची देणगी. तिच्याबद्दल तक्रार नाही. परंतु वेदी काढताना तिचे छायाचित्र घ्यावे, कोरीव भाग मोजावेत, देणगीदाराचे नाव कोठे आहे ते पाहावे, एवढेही अनेकदा घडले नाही. आता वस्ती वाढली, रविवारी माणसे मावत नाहीत, म्हणून जुनी कौलारू इमारत पाडून काँक्रीटचे प्रशस्त चर्च बांधण्याकडे कल आहे. जो गाव आपल्या खिशातून बांधतो त्याला ग्रॅनाइट नको, सागच ठेवा, असे शहरातून सांगणे सोपे असते. खर्च गावाचा आणि सौंदर्यदृष्टी आपली, हा व्यवहार गावाला कसा पटावा?

तरीही एक गोष्ट कमी खर्चात होण्यासारखी आहे, ती म्हणजे नोंद. घंटेवरचा सन, वेदीमागील सुताराची खूण, मूर्तीच्या पाठीवरचे नाव, क्रुसाच्या पायथ्याची यादी. यासाठी मोबाइल फोनमधला कॅमेरा आणि एक वही पुरते. नारोशंकराच्या घंटेविषयी आपण आज जे काही बोलू शकतो, ते तिच्यावरच्या चार आकड्यांमुळे. ते नसते तर ती मराठ्यांनी ओतवलेली देवळाची घंटा ठरली असती आणि वसईचे नाव फक्त दंतकथेत राहिले असते.

नाशिककरांनी मात्र या घंटेला आपल्या पद्धतीने एक काम नेमून दिले आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि गोदावरी फुगली की आधी दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी आले याची चौकशी होते. तो बुडाला की लोक पुलावर येऊन उभे राहतात आणि पलीकडे तटाकडे पाहत एकमेकांना विचारतात, “घंटेला पाणी लागलं का?”